शिशात ओतलेलं वळण

ऑफिस आणि ओतकामाचं दालन यांच्यामध्ये एक दार होतं आणि ते कुणी म्हणजे कुणी लावत नसे. हिवाळा लागला की सोन नदीवरचं बोचरं वारं त्या दारातून थेट फर्नांदच्या टेबलाखाली येऊन बसायचं. फर्नांद व्हेसियेर ही लियों शहरातल्या रुव्हेर टाइप फाउंड्रीत, म्हणजे छपाईसाठी शिशाचे अक्षर-खिळे ओतणाऱ्या कारखान्यात, पत्रव्यवहार बघणारी बाई. तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, कामाला चोख आणि तोंडाला जरा फटकळ. एकदा सकाळी पाय गारठून तिचा पारा चढला. तिनं एका पाठकोऱ्या कागदावर झरझर लिहिलं, ‘दार लावा. आत माणसं बसतात.’ आणि तो कागद दाराला टाचला. तिनं केलं ते एवढंच.

दार तरीही कुणी लावलं नाही. पण दुपारी मस्यू कुर्ताद तो कागद हातात घेऊन तिच्या टेबलाशी आले. कुर्ताद म्हणजे कारखान्याचे चित्रकार. नव्या टाइपांचे आराखडे तेच काढायचे.

“हे कुणी लिहिलं?”

फर्नांदला वाटलं, आता बोलणी बसणार. “मी लिहिलं. आणि ते काढायचं नव्हतं. माझ्या पायांचा बर्फ झालाय.”

“पाय राहू द्या हो. तुम्ही नेहमी असंच लिहिता?”

“घाईत असंच लिहिते. आणि इथं मला घाई नसते कधी?”

कुर्तादनी कागद खिडकीशी धरून पुन्हा पाहिला. गेली दोन वर्षं ते बिचारे एका टाइपाच्या मागे लागले होते. लढाई संपून लोकांच्या हातात चार पैसे खुळखुळायला लागले होते, जो तो नवं दुकान टाकत होता आणि प्रत्येकाला पाटीवर, बिलावर, साबणाच्या वेष्टनावर हातानं लिहिल्यासारखं अक्षर हवं होतं. कारखान्यात होते ते सगळे वळणदार टाइप आजीच्या लग्नपत्रिकेतले, नक्षीनं लदबदलेले. कुर्तादना हवं होतं पळतं अक्षर, जिवंत माणसाचं, ज्याला दुसरी कामं आहेत अशा माणसाचं. ते काढायला बसले की मात्र त्यांचं अक्षर चित्रासारखं व्हायचं. आणि इथे ही बाई दाराला चिटोरं लावून मोकळी झाली होती.

पुढचं वर्षभर फर्नांदनं लिहिलं. सकाळी मालकांची पत्रं आणि दुपारी कुर्तादच्या खोलीत शब्द. ‘लोणी’, ‘रविवार’, ‘धन्यवाद’, ‘न्हावी’, पुन्हा ‘लोणी’. पहिल्यांदा तिला मौज वाटली. तिच्या अक्षराचं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. शाळेत तर बाईंनी त्यापायी हातावर पट्टी मारली होती. आता एक शिकलासवरला माणूस भिंग लावून तिचा ‘एम’ बघत होता आणि “वा!” म्हणत होता. कुणालाही बरं वाटेल.

मग अडचण आली ती जोडांची. हातानं लिहिताना अक्षर शेजार बघून वागतं. ‘ओ’पुढं ‘एन’ आलं की फर्नांदचा हात वरच्या अंगानं उडी मारायचा, ‘ए’पुढं आलं की खालून सरपटत जायचा. पण शिशाच्या खिळ्याला शेजारी कोण येणार हे ठाऊक नसतं. तो एकदाच ओतला जातो आणि मग जुळारी त्याला कुणाच्याही शेजारी उभा करतो. म्हणून प्रत्येक अक्षराची शेपटी एकाच उंचीवर संपायला हवी आणि पुढच्याचं तोंड बरोबर त्याच उंचीवर सुरू व्हायला हवं. केसभर चुकलं तरी शब्द मध्येच मोडल्यासारखा दिसणार. फर्नांदचा ‘ओ’ वरून सुटायचा. सगळं त्या ‘ओ’वर येऊन अडलं.

“फर्नांदबाई, हा ‘ओ’ जरा खालून सोडता येईल का?” कुर्तादनी एक दिवस विचारलं.

“म्हणजे मग तो माझा कसा?”

“अहो, एवढंसंच. प्रयत्न तर करून बघा.”

तिनं करून बघितलं. स्वभावच तसा होता तिचा. तोंडानं नाही म्हणायची आणि हातानं करून मोकळी व्हायची. ‘ओ’ खाली आला. मग ‘आर’चा खांदा उतरवला, ‘एस’ची गाठ सोडली. कुर्ताद आराखडा काढायचे, कोरीव काम करणारे कारागीर साचे करायचे, खालच्या यंत्रांवर नमुन्याचे खिळे ओतले जायचे, शाई लावून छापलेला कागद वर यायचा आणि कुर्ताद म्हणायचे, “हा जोड बसत नाही. पुन्हा लिहा.” ती पुन्हा लिहायची, पण आता छापलेला कागद शेजारी ठेवून. टाइप तिच्या अक्षरावरून निघाला होता, आता तिचं अक्षर टाइपावरून निघायला लागलं. हात बसतो म्हणतात तसा तिचा हात त्या वळणावर घट्ट बसला. सगळे जोड जमले त्या दिवशी कुर्तादनी वाईनची बाटली उघडली आणि फर्नांदनं घरी आईला रविवारचं पत्र लिहिलं, तर त्यातसुद्धा प्रत्येक ‘ओ’ शहाण्या मुलासारखा खालून सुटत होता. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

टाइपाला तिचं नाव देऊ, असं मालक सुरुवातीला म्हणाले होते. मस्यू रुव्हेरना शिकारीचा नाद. त्या शरदात त्यांच्या बंदुकीनं बरीच रानबदकं पाडली, आणि टाइपाचं नाव ठरलं ‘सारसेल’. म्हणजे रानबदक. नमुन्याच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, ‘चित्रकार कुर्ताद यांची निर्मिती’. फर्नांदचं नाव कुठंच नव्हतं. ओतलेले खिळे तपासून बांधणारी जोर्जेत तिला डबा खाताना म्हणाली, “बदक तर बदक. मागच्या खेपेला शिकारीत रानडुक्कर मिळालं होतं, नशीब समज.”

दोघी पोट धरून हसल्या. फर्नांद तेव्हा हसू शकत होती.

सारसेल अशी काही खपली की विचारू नका. वर्षाच्या आत गल्लीतल्या खाटकाच्या काचेवर फर्नांदच्या अक्षरात ‘ताजी आतडी’ लिहिलेलं होतं. सलूनवर, औषधाच्या खोक्यावर, ट्रामच्या तिकिटामागच्या जाहिरातीवर तीच. पोटाच्या गॅसवरच्या गोळ्यांची शिफारससुद्धा तिच्याच हातची. ती रस्त्यानं चालली की दोन्ही बाजूंनी तिचाच हात तिला काहीबाही विकत असायचा. जे आपण कधी लिहिलं नाही ते आपण लिहिलेलं दिसणं काय असतं, हे सांगूनही कुणाला कळलं नसतं. तिनं आईला कळवून पाहिलं. आई अर्देशच्या डोंगरात एका खेड्यात कोंबड्या आणि चेस्टनटची झाडं सांभाळून एकटी राहायची. तिचं उत्तर आलं, “तुझं अक्षर शिशाचं केलं म्हणजे काय केलं? तुला भाजलं तर नाही ना?”

मालकांनी एक खेळ काढला. गिऱ्हाईक आलं की जेवणानंतर दोन कागद पुढं ठेवायचे. एक छापलेला, एक फर्नांदनं लिहिलेला. ओळखा! गिऱ्हाईक हमखास चुकायचं. मग फर्नांदला आत बोलवायचं आणि सगळ्यांच्या देखत लिहायला लावायचं.

“थांबा, थांबा, हात बघा नुसता!” रुव्हेर म्हणायचे. “यंत्र आहे यंत्र! फक्त तेलाऐवजी कॉफी लागते.”

गिऱ्हाईकं हसायची. कुणी भाड्याची खोली बघावी तशी तिची बोटं बघायचं. नांतचा एक छापखानेवाला तर तिचं मनगट धरून म्हणाला, “सुट्टे भाग मिळतात का हो?” ती टेबलाशी परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मालकांनी आता सगळी पत्रं तिनं हातानंच लिहायची असा हुकूम काढला, कारण तीच जाहिरात होती. टंकलेखन यंत्र कपाटात गेलं. तिची राहायची खोलीही कारखान्याच्या अंगणात, मालकांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होती. खाली ओतयंत्रं दिवसभर खडखडायची आणि सारसेल ओतायची. तिच्या उशीखाली तिचंच अक्षर पैदा होत होतं. एक दिवस जिन्यात उभं राहून तिनं ते ऐकलं. इथून बाहेर पडायचं, हे तिनं त्या जिन्यात ठरवलं.

नोकरीची जाहिरात बझाँसोंच्या एका घड्याळ कारखान्याची होती. पत्रव्यवहार सांभाळायला अनुभवी बाई हवी, अर्ज स्वहस्ताक्षरात. ते सगळीकडेच असायचं. अर्ज हातानं लिहायचा आणि तो अक्षर वाचणाऱ्या तज्ज्ञाकडे जायचा. तो ‘टी’च्या दांडीवरून सांगायचा की माणूस चोर आहे की आळशी, आणि मग नोकरी. फर्नांदनं अर्ज लिहिला. आठवड्यात उत्तर आलं, ‘अर्ज हस्ताक्षरात पाठवावा. छापील अर्ज विचारात घेतले जात नाहीत.’

तिनं पुन्हा लिहिलं, ‘महोदय, मागचा अर्ज हातानंच लिहिलेला होता, हाही हातानंच लिहिते आहे.’

त्यावर उत्तर आलं, ‘चेष्टा करायला आमच्याकडे वेळ नाही.’

ग्रनोबलच्या विमा कंपनीनं तर फोनच केला. पलीकडचा माणूस म्हणाला, “बाई, एक अर्ज छापून घ्यायला एवढा खर्च केलात, त्यापेक्षा लिहायला का नाही शिकलात?”

“अहो, हे माझंच अक्षर आहे!”

“हो ना. आणि आमच्या कोपऱ्यावरच्या खाटकाचंही.”

फर्नांदनं फोन ठेवला आणि हसू की रडू तेच तिला कळेना. शेवटी रडलीच. बाहेर पडायला आपलं अक्षर दाखवायला हवं, आणि आपलं अक्षर दाखवलं की ते आपलं नाही असं ठरतं! या कोंडीला दार म्हणून एकच होतं, आणि त्याची किल्ली मालकांकडे होती. ती त्यांच्या खोलीत गेली.

“साहेब, मला एक ओळ लिहून द्या. सारसेल माझ्या अक्षरावरून केली, एवढंच.”

रुव्हेरनी पाइप बाजूला ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. दर नाताळला तिला बदक पाठवायचे, खरंखुरं, पिसं काढलेलं. “फर्नांदबाई, कशाला हवं हे?”

“दुसरीकडे अर्ज करायचाय.”

“अस्सं. म्हणजे मीच तुम्हाला घालवायची सोय करू?” मग ते मऊ झाले. “हे बघा, सारसेल कुर्तादची आहे. हक्क त्यांच्या नावे नोंदलेत. ती एका कारकून बाईच्या हातची म्हणून मी सही केली तर उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, मग बाईचं अक्षर आहे, आम्हीही गिरवतो. कारखाना बसेल. तुम्हाला इथं काय कमी आहे?”

ती कुर्तादकडे गेली. कुर्ताद भिंग पुसत राहिले. त्यांना तिच्या डोळ्यांत बघवेना. “मालकच नाही म्हणत असतील तर… माझा इलाज नाही हो,” असं म्हणून त्यांनी कानावर हात ठेवले. एवढ्या सगळ्या ‘वा!’चा एवढाच उपयोग झाला.

तोडगा काढला जोर्जेतनं. “अगं बये, अक्षरच बदल ना! माझ्या भाच्यासारखं लिही. त्याला बाई शेरा देतात, ‘सुवाच्य आणि प्रामाणिक’.”

“या वयात?”

“या वयात लोक नवरे बदलतात.”

फर्नांदनं शाळकरी पोरांची आखीव वही आणली आणि संपूर्ण हिवाळा गिरवलं. गोल, उभं, एकेक अक्षर वेगळं उभं राहणारं बाळबोध वळण. सोपं नव्हतं ते. हात दोन शब्द नीट जायचा आणि तिसऱ्याला सारसेलवर घसरायचा. मग तिनं ठरवून टाकलं, जुनं अक्षर पूर्ण बंद. सिगारेट सोडणारा जसा एकही ओढत नाही, तसं. कारखान्यात लिहावंच लागायचं, तिथं ती मनगट बांधून आली आणि मुरगळलंय म्हणाली. मालकांनी कुरकुरत यंत्र कपाटातून काढलं. आईचं पत्रही नव्या वळणात गेलं, सामानाची यादीही. वसंतात तिनं त्या वळणात बझाँसोंला पुन्हा अर्ज केला. जागा अजून भरली नव्हती आणि बहुधा जुने अर्ज कुणी काढून बघितले नाहीत. तज्ज्ञानं लिहिलं, ‘सरळ, निष्कपट, लपवाछपवीचा लवलेश नाही’. नोकरी मिळाली.

निघताना रुव्हेरनी हात पुढं केला. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. “जा, सुखी राहा. तुमचं जे काही होतं ते आमच्याकडे आहेच.”

गमतीनं म्हणाले ते. फर्नांदला ते वाक्य स्टेशनपर्यंत पुरलं आणि त्याच्या पुढंही.

बझाँसोंला खोली चांगली होती. खाली यंत्रं नव्हती, खिडकीतून किल्ला दिसायचा. ऑफिसात माणसं सभ्य होती आणि तिच्या अक्षराकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. हेच तर हवं होतं तिला. मग सुटल्यासारखं का वाटत नव्हतं? दिवसभर ती ते परकं, गोल अक्षर काढत बसायची, एक डोळा हातावर ठेवून. एखादी शेपटी खालून सुटू लागली की कागद फाडून पुन्हा लिहायची. तज्ज्ञानं जिला नोकरी दिली ती निष्कपट बाई वेगळीच होती, आणि फर्नांदला रोज तिचं सोंग वठवावं लागत होतं. समोरच्या बेकरीवर मात्र सारसेल बिनधास्त बसली होती, ‘गरम पाव, दिवसातून दोनदा’.

आणि आई रागावली होती. पहिल्यांदा तिनं विचारलं, “पत्र कोण लिहून देतं तुला? हाताला काही झालंय का?” फर्नांदनं कळवलं, मीच लिहिते. पुढचं उत्तर आखडलेलं होतं. “मी म्हातारी झाले, आंधळी नाही. कुणा मास्तरणीकडून लिहून घेतेस ते दिसतंय. आईला चार ओळी लिहायलाही माणूस ठेवावा लागतो, एवढी मोठी झालीस तर नकोच लिहूस.” त्यानंतर आईचं पत्रच आलं नाही. पानगळ संपली, बर्फ पडला, तरी नाही.

तेव्हा फर्नांदनं ठरवलं, हात पुन्हा जुन्यावर घसरून नोकरी गेली तर गेली, आईला जुन्या अक्षरात लिहायचं. तिनं टेबल पुसलं, चांगला कागद घेतला, ‘प्रिय आई’ लिहिलं. अक्षर गोल आलं. तिनं कागद फाडला. हात सैल सोडला, घाई केली, पायाखालची शेगडी विझवून गारठूनसुद्धा पाहिलं. जे आलं ते ना इकडचं ना तिकडचं. बेकरीची पिशवी पुढं ठेवून तिनं ‘पाव’वरून गिरवलं, तर स्पष्ट दिसत होतं की कुणीतरी सारसेलची नक्कल करतंय, आणि ती साधत नाहीये. तिचा हात तिला ओळखीनासा झाला होता. ती बराच वेळ तो मांडीवर घेऊन बसली, दुखऱ्या लेकराला घ्यावं तसा.

नवं वर्ष तोंडावर होतं. कागदाच्या दुकानात शुभेच्छांची कार्डं टांगली होती. त्यांतल्या एकावर फूल नव्हतं, चित्र नव्हतं, नुसत्या निळ्या शाईत दोन ओळी होत्या, सारसेलमध्ये छापलेल्या. ‘नवं वर्ष सुखाचं जावो. आठवण रोज येते.’ फर्नांदनं ते घेतलं. खाली सही करायला पेन काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. पाकिटावरचा पत्ता तिनं ऑफिसच्या यंत्रावर टंकला.

आईचं उत्तर चटकन आलं. शाई जागोजाग पसरली होती.

“पोरी, शेवटी तू स्वतः लिहिलंस. किती दिवसांनी तुझा हात बघितला. पाकीट उघडलं आणि उभ्या उभ्या रडले. दोनच ओळी, पण तुझ्या आहेत. त्या मास्तरणीची पानंच्या पानं मला काय करायची? कपाटावर लावून ठेवलंय, येईल त्याला दाखवते. आता असंच लिहीत जा. मला दुसरं काही नको.”

फर्नांदनं ते दोनदा वाचलं. मग कोट चढवून ती परत त्या दुकानात गेली आणि तसली किती कार्डं शिल्लक आहेत म्हणून विचारलं.